चार महिन्यांचं गवत बारा महिने कसं पुरवायचं: मुंबई आणि आसपासच्या पशुपालकांसाठी

मुंबईच्या आसपास चाऱ्याची टंचाई असते, हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. जून ते सप्टेंबर इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये वाडा, मुरबाड, शहापूर, कर्जत या भागांत माळावर कमरेएवढं गवत उभं असतं. तरीही मार्च उजाडला की नगर-सोलापूरकडचा कडबा आणि नाशिकपट्ट्यातलं उसाचं वाढं (हिरवे शेंडे) यांच्या गाड्यांची वाट बघावी लागते.

याचं कारण पाऊस नाही. आपल्याकडचं गवत हुकतं ते कापणीच्या वेळेला. सप्टेंबरात ते फुलोऱ्यावर येतं, त्या वेळी त्यात खरी ताकद असते. पण तेव्हा पाऊस चालू असतो, आणि तो उघडेपर्यंत हळवं (लवकर तयार होणारं) भात कापणीला येतं. घरातली सगळी माणसं भाताकडे वळतात आणि गवत दिवाळीनंतरवर ढकललं जातं. तोवर बी झडून गेलेलं असतं, पानं वाळलेली असतात, काडी तेवढी उभी असते. तीच काडी कापून आपण वर्षभर जनावरापुढे टाकतो आणि दूध कमी का म्हणून पेंडेचं पोतं वाढवतो. पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बांधलेलं आहे. जमीन पाच एकर असो, विरारजवळ भाड्यानं घेतलेला तुकडा असो किंवा जोगेश्वरी-गोरेगावचा तबेला असो, हिशेब तोच.

आधी वजनकाटा

चाऱ्याचं नियोजन अंदाजानं होत नाही. पाचशे किलोच्या दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण १३ ते १५ किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे पाणी वजा करून. व्यवहारात हे २५ किलो हिरवा चारा, ५ किलो वाळलेला चारा आणि दुधाप्रमाणे खुराक असं बसतं. तीस किलोच्या शेळीला शुष्क धरून एक किलोभर पुरतो, पण तिला विविधता हवी असते. एकाच गवतावर शेळी राहत नाही.

आता वाळल्या चाऱ्याचं बघा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. रोजचे ५ किलो धरले तर एका म्हशीला १,२०० किलो. भिजणं, कुजणं, तुडवणं यात पंधरा-वीस टक्के जातंच, म्हणून १,४०० किलो धरा. दहा म्हशींना १४ टन. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

माळावर किती गवत आहे हे मोजायला बांबूची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. सप्टेंबरात ती माळावर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. चांगल्या, वाईट, मधल्या, सगळ्या जागा घ्या. आतलं गवत चार बोटं ठेवून कापा, वाळवा, तोला आणि सरासरी काढा. सरासरी ४०० ग्रॅम आली तर एकरी साधारण १,६०० किलो वाळलं गवत. यातून चराईसाठी निम्मंच आपलं समजायचं. उरलेलं निम्मं मुळांसाठी, मातीसाठी आणि तुडवणीसाठी सोडावं लागतं.

वैशाख-ज्येष्ठ: पावसाआधीची कामं

वणवा लावू नका. राख पडली की गवत जोमानं येतं, असं अजूनही गावोगावी सांगतात. पहिल्या पावसानंतर हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण दरवर्षी जाळलेल्या माळावर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं मागे पडतात आणि कुसळी गवताचं राज्य येतं. कुसळीची कुसळं जनावराच्या हिरड्यांत, जिभेखाली रुततात, शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यात घुसतात. बाहेरून आग येऊ नये म्हणून हद्दीवर आठ-दहा फुटांचा पट्टा डिसेंबर-जानेवारीतच खरवडून मोकळा ठेवा.

राब भाजायचा असेल, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा (दाढ) पेरणीआधी भाजायचा असेल, तर त्यात चांगलं गवत घालू नका. आपल्याकडे दाढ भाजायला पाला, शेण आणि गवत लागतं, आणि सवयीनं हाताला येईल तो भारा त्यात जातो. काळं पडलेलं, भिजलेलं, गंजीच्या तळचं गवत राबासाठी वेगळं काढून ठेवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

घाणेरी आणि रानमोडी ही माजलेली झुडपं काढायची ही वेळ नव्हे. जमीन दगडासारखी असते, वरून तोडलं तर दुप्पट फुटते. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर माती मऊ झाली की मुळासकट उपटायची. घाणेरीचा पाला भुकेल्या जनावरानं खाल्ला तर यकृत बिघडतं, कातडीला ऊन सोसत नाही, अंगावर चट्टे उठतात. उन्हाळ्यात दुसरं काही हिरवं नसतं तेव्हाच हे होतं.

वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीवर गवत सुधारायचं असेल तर तयारी आताच करा. मारवेलचे ठोंब दीड फूट बाय एक फुटावर, पाऊस स्थिरावला की लावायचे. त्यांच्या ओळींमध्ये स्टायलो पेरायचा. हे द्विदल असल्यानं गवताच्या जोडीला प्रथिनं देतं आणि हलक्या तांबड्या जमिनीत टिकतं. स्टायलोचं बी कठीण कवचाचं असतं. हात घातला तर भाजेल अशा, पण न उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून, सावलीत सुकवून मगच पेरा, नाहीतर निम्मं बी तसंच पडून राहतं. पहिल्या वर्षी या तुकड्यात जनावर घालायचं नाही.

लसीकरण मे महिन्यात संपवा. गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार. हा विषय गवताचाच आहे, कारण यातला आंत्रविषार हा कोवळं गवत अधाशीपणे खाल्ल्यावर उसळतो. जंताचं औषधही पावसाच्या तोंडावर, डॉक्टरांना विचारून.

पहिला पाऊस: दार उघडायची घाई नको

वेधशाळेच्या नोंदीत मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. दहा दिवसांत माळ हिरवा दिसू लागतो आणि उन्हाळाभर पेंढ्यावर काढलेली गुरं दावं ओढू लागतात. इथं तीन ते चार आठवडे थांबायचं. पहिली पानं गवत मुळांत साठवलेल्या शिदोरीवर काढतं. ती खुडली की दुसरी पानं काढायला मुळांत काही उरत नाही. वीतभर उंची झाली की गुरं सोडा आणि चार बोटं उरलं की बाहेर काढा. वीत आणि चार बोटं, एवढं गुराख्याला पक्कं सांगितलं तरी कुरणाचं आयुष्य वाढतं.

याच दिवसांत पातळ शेण आणि पोटफुगी दिसते. दुधाची फॅटही घसरते आणि डेअरीत भाव कापला जातो. कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. उपाय साधा आहे: सकाळी सोडण्याआधी दोन-तीन किलो पेंढा खाऊ घालायचा. उन्हाळी ज्वारीचा खोडवा शेतात असेल तर पहिल्या पावसाचा त्याचा कोवळा फुटवा अजिबात खाऊ देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून जनावर तासाभरात आडवं होतं. ज्वारी निसवल्यावरच (कणीस बाहेर पडल्यावरच) चारायची.

आषाढ-श्रावण: पाळीनं चराई

सगळं रान एकदम मोकळं सोडलं तर गुरं गोड गवत आधी संपवतात, पुन्हा फुटलं की पुन्हा तेच खातात, आणि नको असलेलं गवत आरामात बी धरतं. म्हणून चार भाग करा. एका भागात एक आठवडा, मग त्याला तीन आठवडे विश्रांती. कुंपणाला पैसे नसतील तर साडेपाच-सहा फुटांच्या बांबूंवर दोन तारा आणि सौरऊर्जेवरचा झटका यंत्र पुरतं. त्याहून स्वस्त म्हणजे दोरीनं खुंट्याला बांधून रोज खुंटा सरकवणं. चार म्हशींपर्यंत हे उत्तम चालतं.

चराईच्या या चार भागांखेरीज माळाचा एक भाग जुलैपासून पूर्ण बंद ठेवा. तो कापणीसाठी.

लावणीच्या दिवसांत गुरांना खाचरांच्या बांधावर, साचलेल्या पाण्याच्या कडेला चरायला सोडलं जातं. तिथं छोट्या गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून यकृतातला पर्णकृमी गुरांत जातो. गळ्याखाली पाणी साठलेली, खंगलेली, हगवण न थांबणारी म्हैस कोकणात बहुतेक वेळा याच कारणानं असते. चराई उताराच्या, पाणी वाहून जाणाऱ्या जागेवर करा. सखल भागातलं गवत कापून, एक दिवस सुकवून घाला. ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या पात्याच्या टोकापर्यंत चढून बसतात, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या आत गुरं सोडू नयेत.

गवत कापणाऱ्या माणसाला गमबूट द्या. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टोची माणसं दवाखान्यात येतात. उंदीर, गुरं आणि साचलेलं पाणी तिन्ही एकत्र असलेल्या जागी अनवाणी उभं राहून गवत कापणं हा मोठा धोका आहे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला पाठवा.

आरे, येऊर, बोरिवलीच्या हद्दीला लागून जनावरं असणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. राष्ट्रीय उद्यानात चराईला मनाई आहे, हद्दीचा दगड कुठे आहे ते गुराख्याला दाखवून ठेवा. आणि दिवेलागणीच्या आत शेळ्या-वासरं बंद गोठ्यात हवीत. बिबट्या तिथलाच रहिवासी आहे, उघड्यावर बांधलेली शेळी हे त्याला आमंत्रण ठरतं.

भाद्रपद-आश्विन: वर्षाचा निकाल इथं लागतो

मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, २०२० पासून वेधशाळेनं ती ८ ऑक्टोबर केली. म्हणजे पाऊस पूर्ण गेल्यावरच कापू म्हणणाऱ्याचं गवत नक्की उतरलेलं असणार. कापणीसाठी राखलेल्या माळाचे दोन भाग करा. पहिला भाग सप्टेंबरच्या मध्यात, निम्मं गवत फुलोऱ्यात असताना कापून मुरघासात (हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्यात) घाला, कारण त्याला वाळवायला ऊन लागत नाही. दुसरा भाग पहिल्या उघडिपीला कापून वाळवा. वेधशाळेचा जिल्हावार अंदाज रोज मोबाइलवर बघा. सलग तीन कोरडे दिवस दिसले की भाताची वाट न बघता गवताला लागा. माणसं मिळत नसतील तर पाठीवर अडकवायचा ब्रश कटर दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून घ्यावा. दोन माणसं दिवसात एक एकर सहज पाडतात.

वाळवणीचा क्रम असा. दव उडाल्यावर, साधारण दहा वाजता कापायला सुरुवात करा. कापलेलं गवत तिथंच पातळ पसरा, ढीग नको. दुपारी तीनच्या सुमारास उलथं करा. संध्याकाळी लांबट ओळीत गोळा करा म्हणजे रात्रीचं दव वरच्या थरावरच राहतं. दुसऱ्या दिवशी दव उडालं की पुन्हा पसरा, पुन्हा उलटा. तिसऱ्या दिवशी दुपारी तपासा.

तपासणी अशी करायची. मूठभर गवत दोन्ही हातांत धरून पिळा, धुणं पिळतात तसं. काडी वाकते आणि हाताला गारवा लागतो, तर अजून एक ऊन द्या. काडी चिरते, पण पानाचा चुरा होत नाही, तर झालं. मग जाड काडी घेऊन तिचं पेर नखानं खरवडा. साल ओली सुटून आली तर बाहेरून वाळलेलं गवत आतून ओलं आहे. पान वाळायला एक दिवस लागतो आणि पेराला तीन, फसगत इथंच होते. रंगाकडेही बघा. नीट वाळलेलं गवत फिकट हिरवं असतं आणि त्याला गोडसर वास येतो. पिवळं पडेपर्यंत उन्हात ठेवलं तर जीवनसत्त्वं आणि पानं दोन्ही गेली. आमच्या वाड्याकडच्या कापणीला येणाऱ्या मावशी भारा बांधण्याआधी काडी कानाजवळ नेऊन मोडतात. ‘टक्’ असा आवाज आला नाही तर बांधायला तयारच होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

मध्येच पाऊस आला तर? कापलेल्या गवतावर एक सर पडली तर फार बिघडत नाही, थांबल्यावर लगेच उलटा. दोन दिवस झड लागली तर मात्र ते गवत वाळवायच्या नादी लागू नका, हिरवं खाऊ घाला. उंच बांबूंची तिकटी करून तिच्यावर गवत टांगायची जुनी रीत अशा हवेत चांगली आहे. जमिनीचा ओलावा लागत नाही, खालून वारा खेळतो.

गंजी रचताना खाली दगड, त्यावर लाकडं, मगच गवत. मध्यभाग उंच ठेवून उतार बाहेर काढा, वर ताडपत्री, पण बाजू उघड्या. पहिले दोन आठवडे रोज लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा. सळई हातात धरवत नसेल तर गंजी आतून तापते आहे. लगेच उलगडा. ओलं रचलेलं गवत आधी बुरसतं, मग तापतं, आणि ठिणगीशिवायही पेटू शकतं. सुक्या गवताच्या गंज्या जळाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्या गोठ्याला चिकटून आणि विजेच्या तारेखाली कधीही रचू नका.

मुरघास

मका, ज्वारी, नेपिअर (हत्तीगवत) आणि माळावरचं गवत, सगळ्यांचा मुरघास होतो, पण सारखा होत नाही. मका कणसात चीक भरल्यावर कापली तर तिच्यात स्वतःची साखर भरपूर असते. नेपिअर आणि गवत यांत ती कमी, म्हणून वजनाच्या दोन टक्के गूळ पाण्यात कालवून शिंपडावा लागतो. नेपिअर कापून चार-पाच तास सुकू द्या. कुट्टी (बारीक कापलेला चारा) मुठीत दाबून सोडा: पाणी ठिबकलं तर ओली, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर, लगेच विस्कटला तर फार कोरडी.

कुट्टी अर्धा इंच. मोठ्या तुकड्यांत हवा राहते आणि हवा राहिली की बुरशी आली. थर टाका, तुडवा, पुन्हा थर टाका. जागा नसलेल्यांनी पन्नास किलोच्या दुहेरी पिशव्या वापराव्यात. गोरेगावच्या तबेल्यातही भिंतीला लावून त्या राहतात. उंदरांसाठी मात्र पिंजरे ठेवा, एक भोक पडलं की पिशवी गेली. पंचेचाळीस दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग आणि ताकाच्या आंबूसपणाचा वास असेल तर उत्तम. काळा, चिकट, घाण वासाचा भाग फेकून द्या. गाभण जनावराला तर तो चुकूनही नको. सुरुवातीला दोन किलो, आठवड्यात दहा किलोपर्यंत वाढवा, आणि दूध काढून झाल्यावर घाला, नाहीतर दुधाला वास येतो.

कार्तिक ते माघ: पेंढ्याला ताकद देणं

भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक, पण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. युरिया प्रक्रियेनं तो सुधारतो. शंभर किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, दाबा, प्लास्टिकनं हवाबंद झाका आणि २१ दिवस हात लावू नका. उघडल्यावर रोजचा वाटा आदल्या संध्याकाळी पसरून ठेवा म्हणजे उग्र वास उडून जातो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका. आणि घाईनं युरियाचं पाणी चाऱ्यावर ताजं शिंपडून घालणं हे विष घालणंच आहे. गड्याला हा फरक समोर उभं राहून समजावून सांगा.

भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल किंवा चवळी टाका. शेंगा घरी आणि वेल-पाला गोठ्यात. वालाचा भुसा पेंढ्यात चौथा हिस्सा मिसळला तरी जनावर गव्हाण चाटून पुसून ठेवतं.

फाल्गुन ते वैशाख

उन्हाळ्याचा हिरवा चारा म्हणजे नेपिअर, आणि त्याला पाणी हवं. एकरी वर्षाला ६० ते ८० टन धरलं तर एका म्हशीच्या रोजच्या २५ किलोंसाठी पाच-सहा गुंठे लागतात. लागवड तीन फूट बाय दोन फूट, पहिली कापणी दोन महिन्यांनी, पुढे दर ४० ते ४५ दिवसांनी, जमिनीपासून वीतभर वर. पुरुषभर उंच वाढू दिलं की आकडा दिसतो मोठा, पण खालचा निम्मा दांडा म्हैस टाकून देते.

बांधावर शेवरी, शेवगा, सुबाभूळ लावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. शेळ्यांना फणसाचा पाला फार आवडतो आणि मुंबईच्या वाड्यांत तो फुकट मिळतो. ट्रेमध्ये मका उगवून केलेल्या हायड्रोपोनिक चाऱ्याची जाहिरात खूप होते. एक किलो मक्याचा सात किलो चारा होतो हे खरं, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. उलट दाण्यातला शुष्क भाग थोडा कमीच होतो. मी कुणाला त्यात पैसे घालायला सांगणार नाही.

तबेल्यात, विकतच्या चाऱ्यावर

१९४९ साली आरे वसाहत उभी राहिली तेव्हा शहरातले तबेले तिथं हलवताना चाऱ्याचाही विचार झाला होता. गोठे धुतलेल्या पाण्यावर तिथं पॅरा गवत वाढवलं गेलं. पॅरा गवत पाणथळ जागी जोमानं येतं, दर महिना-दीड महिन्यानं कापता येतं. शेणपाण्यावर वाढवायला हरकत नाही. पण कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या नाल्याच्या कडेचं गवत घेऊ नका, त्यातले जड धातू दुधात उतरू शकतात. पॅरा, नेपिअर, उसाचं वाढं आणि पेंढा यांत ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. यांवर जगणाऱ्या म्हशीला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यायलाच हवं.

सुकं गवत नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या, तेव्हा भाव खाली असतो. मार्चपासून चढतो. गाडी उतरवताना वरच्या नव्हे, मधल्या आणि तळच्या भाऱ्यात हात घाला. तळचा भारा गार लागला तर पाणी मारून वजन वाढवलेलं आहे, ते वजन कापून पैसे द्या. भारे सोडल्यावर कुट्टी यंत्रात घालण्याआधी तारा, सुतळी, प्लास्टिक हातानं वेचून काढा आणि यंत्राच्या तोंडाशी एक जाड लोहचुंबक बांधा. आठवड्याला त्याला चिकटलेले खिळे आणि तारांचे तुकडे काढून बघा. यातला एक तुकडा पोटातून हृदयाकडे सरकला तरी म्हैस हातची जाते.